मधली जागा

बंगळुरात, येलहंक्याला आमच्या सोसायटीसमोरच्या बसथांब्यावर एक म्हातारा रोज संध्याकाळी येऊन बसायचा. बस मात्र एकही पकडायचा नाही. बाक रिकामा असला तरी हा आपला कडेला, अंग चोरून.

एकदा मला राहवलं नाही. "काका, नीट मधे बसा की!"

"नको अक्का. इथं आमच्या गावाचा पार होता, पिंपळाखाली. रस्ता रुंद करताना पाडला. मधली जागा वडीलधाऱ्यांची. आमचे एक अण्णा आहेत अजून. गुडघे दुखतात, पण येतात कधीमधी."

गाव म्हणे! आम्ही सगळे भाडेकरू. आम्हाला ते गाव थांब्याच्या पाटीपुरतंच ठाऊक.

परवा पाहिलं, तर म्हातारा बरोबर मधे बसलेला. हात मांडीवर, पाठ ताठ. परीक्षेला बसल्यासारखा.

"अण्णा गेले," तो म्हणाला. "आता गावात मोठा मीच."

मग त्याने आधी एका कडेला पाहिलं, मग दुसऱ्या.

"कडेला बसायला मात्र कुणी उरलं नाही."

मी गुपचूप त्याच्या नेहमीच्या जागेवर, कडेला बसले. त्याने मान हलवली, जरासा सैलावला, काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात माझी बस आली.