वाचून दाखवणारी

दोऱ्याच्या कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. तिचा नवरा बॉयलरवर होता आणि त्याचे दोस्त इतके, की लग्नानंतर ती रीळ खात्यात कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी तिला सत्तर दीर आयते मिळाले. पुढे मॅनेजरही वहिनी म्हणू लागला, आणि त्याच्यानंतर आलेला मॅनेजरही. पगारपत्रकावरच्या नावाने कुणी हाक मारली असती तर तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं.

शेजारच्या मशीनवर ठिणगी होती. उंचीला जेमतेम मशीनच्या दांड्याएवढी, पण तोंड असं की सुपरवायझर तिच्या बाजूने जाताना जरा भरभर पावलं टाकायचा. दोघींची मैत्री सत्तावीस वर्षांची. एकीचा दोरा तुटला तर दुसरीचा हात आधी पोचायचा. डबा एकत्र, चहा एकत्र, भांडण तर रोजचंच. वहिनीचं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा नवऱ्याच्याही आधी ठिणगी दवाखान्यात पोचली होती. एवढी बोलघेवडी बाई, पण त्या दिवशी एक अक्षर न बोलता तिने संध्याकाळपर्यंत वहिनीचे पाय चेपले.

या ठिणगीची एक गोष्ट जगात फक्त वहिनीला ठाऊक होती. ठिणगीला वाचता येत नव्हतं.

आकडे तेवढे ओळखायची. दोऱ्याच्या दोनशे छटा नुसत्या नजरेने सांगायची. सही करायची, पण ती सही म्हणजे वहिनीने एका दुपारी रिळाच्या पुठ्ठ्यावर काढून दिलेलं आणि तिने महिनाभर गिरवलेलं चित्र. पाच भावंडांत ती थोरली. चौघं शाळेत गेली, चौघांना सांभाळायला ही घरी राहिली. लग्नात कुणी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. कारखान्यात नोटीस लागली की हिच्या डोळ्यात हमखास कस्पट जायचं. "बघ गं वहिनी, काय खरडलंय मेल्यांनी," असं ती म्हणायची, आणि वहिनी दबक्या आवाजात वाचून दाखवायची.

घरी तर कमालच होती. नवरा लवकर गेला. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा ती पुस्तक हातात धरून त्याचे धडे ऐकायला बसायची. ओळ तिला कळायची नाही, पण मुलाचा चेहरा कळायचा. तो अडखळला, त्याने नजर चुकवली, की ही म्हणायची, "चुकलास. पहिल्यापासून म्हण." मुलगा शिकला, एका कचेरीत कारकून झाला, आणि चारचौघांत अभिमानाने सांगायचा, "माझा अभ्यास माझ्या आईने घेतला." ते ऐकून ठिणगी मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, लाजली.

मग कारखाना बंद पडला. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, आणि एका सकाळी फाटकावर कुलूप दिसलं. सव्वादोनशे माणसांच्या पोटावर पाय आला. बॉयलरवाल्याची छाती तशीही धुराने भरलेली, त्याने घर धरलं. वहिनी पन्नाशीला आली होती. या वयात आपल्याला कोण उभं करणार, असंच तिला वाटत होतं.

तेवढ्यात एक बरी गोष्ट घडली. तशी एकट्या त्यांच्या शहराचीच ही रड नव्हती, शेजारच्या दोन शहरांतही कारखाने असेच बसले होते. तिन्ही नगरपालिका, एक तंत्रशिक्षणाचं कॉलेज आणि आसपासच्या पंधरा कंपन्या एकत्र आल्या. त्यांनी भागीदारी केली आणि जुन्या टपाल इमारतीत एक केंद्र उघडलं. सहा महिने नवीन काम शिकायचं, परीक्षा द्यायची, पास झालं की यातलीच एखादी कंपनी कामावर घेणार. वहिनी आणि ठिणगीने औषधाच्या बाटल्या तपासून भरण्याचं काम निवडलं. निवडलं म्हणजे ठिणगीने वहिनीचा हात धरला आणि म्हणाली, "जिथे तू तिथे मी. अर्ज तू भर."

पहिले दोन महिने ठिणगीचेच होते. शिकवायला एक तरुण सर होते. मनाने चांगले, वयाने ठिणगीच्या मुलाएवढे. त्यांनी शंभर बाटल्यांत तीन तडकलेल्या मिसळून ठेवल्या. बाकीच्या बायका भिंगातून बघत बसल्या, ठिणगीने पट्ट्यावरून जातानाच तिन्ही उचलल्या आणि वर चौथीही उचलली. "ही तुमच्या यादीत नसेल, पण हिचंही बूड गेलंय, सर." सरांनी बघितलं तर खरंच गेलं होतं. वर्ग हसला. सर म्हणाले, "मावशी, तुम्हीच या इकडे शिकवायला."

तिसऱ्या महिन्यात पडदे आले आणि घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. मशीन आता पडद्यावर सूचना द्यायचं. थांबा, तापमान तपासा, गट क्रमांक भरा. ठिणगी वहिनीच्या शेजारी बसायची, आणि वहिनी ओठ न हलवता पुटपुटत तिला वाचून दाखवायची. पण इथे दोरा नव्हता, की एक डोळा आपल्या रिळावर आणि एक शेजारी ठेवता येईल. सूचना भराभर बदलायच्या. दोघींसाठी वाचता वाचता वहिनीचं स्वतःचं मागे पडायला लागलं. घरी जाऊन ती डोकं धरून बसायची.

पहिल्या चाचणीला सरांनी जागा लांब लांब दिल्या. त्या दिवशी ठिणगीला ताप आला. दुसऱ्या चाचणीलाही आला. नियम असा होता की तिसऱ्या गैरहजेरीला नाव कमी.

"मी सरांशी बोलू का?" वहिनीने विचारलं. दोघी केंद्राच्या पायरीवर डबा खात होत्या. "चांगला माणूस आहे. काहीतरी वाट काढेल."

ठिणगीचा घास हातातच राहिला. "सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"अगं, पण तिसऱ्या वेळी काय करणार आहेस? ताप काय दर महिन्याला तारीख बघून येतो?"

"ते माझं मी बघेन. तू शपथ घे."

वहिनीने घेतली.

आणि चार दिवसांनी ती सरांकडे गेली. का गेली, हे तिने पुढे स्वतःला हजारदा विचारलं. ठिणगीचं नाव कमी होऊ नये म्हणून गेली, हे खरंच होतं. ठिणगीशिवाय शेजारची जागा तिला कल्पनेतसुद्धा बघवत नव्हती, हेही खरं. पण दोघींसाठी वाचून ती थकली होती, आणि हे ओझं कुणीतरी उचलावं असं तिला वाटत होतं, हेही तेवढंच खरं. शेवटचं तिने कुणालाही सांगितलं नाही, बॉयलरवाल्यालासुद्धा नाही.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत, वहिनी. यात लाज कसली? आपल्या भागीदारीत यासाठीही सोय आहे. दुसऱ्या शहरातल्या केंद्रात साक्षरतेचा वर्ग आहे, ने-आणीला गाडी आहे. त्यांची इथली जागा वर्षभर राखून ठेवता येईल. वर्गात मी कुणाला कळू देणार नाही."

वहिनी हलकी होऊन घरी आली. त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

सरांनी शब्द पाळला. वर्गात कुणाला काही कळलं नाही. त्यांनी कागद वर पाठवला, वरच्यांनी तो दुसऱ्या शहराला पाठवला, आणि तिथल्या कुणीतरी आपलं काम चोख करून नियमाप्रमाणे ठिणगीच्या घरच्या पत्त्यावर पत्र धाडलं. वाचता न येणाऱ्या बाईला, तुम्हाला वाचता येत नाही, हे लेखी कळवायचं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मन कुणाचंच काळं नव्हतं.

पत्र आलं तो सुट्टीचा दिवस. मुलगा, सून, नात सगळी घरात. लिफाफ्यावर केंद्राचा शिक्का बघून ठिणगीला वाटलं, कुठल्या कंपनीचं बोलावणं असेल. तिने हौसेने तो मुलाच्या हातात दिला. "वाच रे मोठ्याने."

आणि मुलाने मोठ्याने वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिणगी वहिनीच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही. वहिनीने तिचा चेहरा बघितला आणि हातातला पेला खाली ठेवला.

"दोन ओळी वाचून थांबला तो," ठिणगी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की वहिनीला पुढे व्हावं लागलं. "मी म्हटलं, थांबलास का, वाच की. मग त्याने सगळं वाचलं. नंतर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, आई, मग माझे धडे?"

"ठिणगे..."

"रागावला असता तर बरं झालं असतं गं. तो रडायला लागला. म्हणतो, मी चुकलो की तुला कळायचं कसं? आता याला मी काय सांगू?" तिने पदराने तोंड पुसलं. "सत्तावीस वर्षं माझं सगळं तू वाचलंस. हेही तूच वाचून दाखवायचं होतंस. माझ्या पोराला का वाचायला लावलंस?"

"मला माहीत नव्हतं पत्र जाईल ते. तुझ्या पोटाचा विचार केला मी."

"पोट मी भरलं असतं. भांडी घासून भरलं असतं."

एवढं बोलून ती वळली. तिने आरडाओरडा केला असता, शिव्या घातल्या असत्या, तर वहिनीने पाय धरले असते. पण ठिणगी भांडलीच नाही, आणि वहिनीला काय करावं ते सुचेना.

केंद्रात ठिणगी पुन्हा आली नाही. दुसऱ्या शहराची गाडी दोन दिवस तिच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून गेली. वहिनी तिच्या घरी तीनदा गेली. तिन्ही वेळा सून दारात आली आणि म्हणाली, आई बाहेर गेल्यात. तिसऱ्या वेळी आतून खोकल्याचा ओळखीचा आवाज आला. सून ओशाळली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "जेवत नाहीत नीट. मुलीचा अभ्यास रोज त्या घ्यायच्या, आता हातच लावत नाहीत. हे त्यांना सगळं मोठ्याने, सावकाश सांगतात, ऐकू न येणाऱ्याला सांगावं तसं. मी म्हटलं यांना, असं नका करू. पण यांनाही कळत नाही, कसं वागावं ते."

वहिनी परीक्षा पास झाली. चौथा नंबर आला. औषधाच्या कंपनीत लागली, डोक्याला जाळी आणि हाताला मोजे घालून पट्ट्यासमोर उभी राहू लागली. वर्षाने केंद्रात समारंभ झाला. तिन्ही शहरांचे लोक आले. एकशे चाळीसपैकी एकशे बारा जणांना काम लागलं, असं सांगून टाळ्या झाल्या. वहिनीला बोलायला उभं केलं. तिने दोन वाक्यांत आभार मानले आणि खाली बसली. नंतर चहाच्या वेळी तिने सरांना गाठलं.

"सर, राहिलेले अठ्ठावीस?"

"गळती, वहिनी. ती सगळीकडे असतेच." मग त्यांच्या लक्षात आलं ती कुणाबद्दल विचारतेय ते. त्यांनी कप खाली ठेवला. "ते पत्र मी थांबवायला हवं होतं. मला सुचलंच नाही."

"मलाही नाही सुचलं," वहिनी म्हणाली. त्यांच्यावर रागवायचं असं तिने घरून ठरवून आणलं होतं. पण तो पोरगा इतका खरा खजील झालेला दिसला की तिला रागावता येईना.

त्यानंतर काही महिन्यांनी बस थांब्यावर तिला ठिणगी दिसली. कळलं होतंच, की ती एका हॉस्पिटलच्या धुलाईत चादरी घड्या करायला लागली आहे. हात सोड्याने सोललेले होते. केस पांढरे झाले होते. वहिनी समोर येताच ती बाकावरून उठली, पिशवी उचलून बाजूला झाली.

"बसा ना," ठिणगी म्हणाली. "तुम्ही बसा. कामावरून दमून आला असाल."

तुम्ही! सत्तावीस वर्षांत रागाने, लोभाने, भर पाळीत ओरडून, दवाखान्यात कुजबुजून जिने तू शिवाय हाक मारली नाही, तिच्या तोंडी तुम्ही. वहिनीला वाटलं, हिने थोबाडीत मारली असती तर एवढं लागलं नसतं.

"असं नको गं बोलू," ती कशीबशी म्हणाली. "हवं तर शिव्या दे."

"शिव्या कशाला देऊ? तुम्ही भल्यासाठीच केलंत. मुलगाही तसंच म्हणतो." ठिणगी हे अगदी मनापासून बोलत होती. तिच्या आवाजात राग शोधूनही सापडत नव्हता. "बॉयलरवाले बरे आहेत ना? त्यांची छाती?"

"बरी आहे."

"काळजी घ्या त्यांची."

तिची बस आली. आकडा ओळखून तिने हात केला आणि चढली.

पावसाळा सरता सरता मुलाची बदली झाली आणि ते घर सोडून गेले. वहिनीला हे आठवड्याने कळलं, तेही कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून. ती तशीच तिकडे गेली. दारात वेगळ्याच माणसांच्या चपला होत्या. एक बाई ओल्या हाताने बाहेर आली आणि म्हणाली, "कोण पाहिजे?" वहिनीने सांगितलं. बाईला नवीन पत्ता माहीत नव्हता. "तुम्ही नात्यातल्या का त्यांच्या?" तिने विचारलं.

"कामावरची ओळख," वहिनी म्हणाली.

बाईने पाणी विचारलं, तिने नको म्हटलं. दुपारच्या पाळीची गाडी गाठायची होती, म्हणून ती भरभर चालत गल्लीबाहेर पडली. गाडीत शेजारची जागा रिकामी होती. पुढच्या थांब्यावर एक नवी मुलगी चढली आणि तिथे बसली.