सहा आकड्यांची शिस्त

चहा येतोय तोवर माझ्या मूर्खपणाची एक गोष्ट ऐकून घ्या. हसलात तरी चालेल. मला अजून हसू आलेलं नाही, पण माझं जाऊ द्या.

मी आरोग्याच्या एका कार्यालयात संगणकावर नोंदी करतो. कुठल्या, ते विचारू नका. गावोगाव सिकलसेल या आनुवंशिक आजारासाठी रक्ततपासणी चालली होती. हा दोष रक्तात असूनही माणूस धडधाकट असू शकतो, त्याला वाहक म्हणतात. पण वाहकाने वाहकाशी लग्न केलं, तर मुलं आजारी निघू शकतात. म्हणून आमचा धोशा एकच, आधी रक्त, मग पत्रिका. शिबिरांत हे भाषण मीच ठोकायचो.

प्रत्येक नमुन्याला नंबर असायचा. आधी गावाचा क्रमांक, मग तिरकी रेघ, मग माणसाचा. ७/११ म्हणजे सातव्या गावातला अकरावा माणूस. सोपं आहे ना? पण संगणकाला ७/११ दिसलं की तो त्याची तारीख करून टाकायचा. शिवाय कुठे दोन आकडे, कुठे पाच. सगळी रांग वाकडीतिकडी. मला असलं बघवत नाही हो, मी टॉवेलसुद्धा कडा जुळवून वाळत घालतो.

मग मी काय केलं? सगळ्या रेघा उडवल्या आणि पुढे शून्यं लावून प्रत्येक नंबर सहा आकडी केला. ७/११ चं झालं ०००७११. नंबर कवायतीला उभे! साहेब म्हणाले, "याले म्हणते काम." मी दोन दिवस हवेत होतो.

रोहणा गावच्या माधुरीचं पुलगावच्या मुलाशी जमलं होतं. मुलगा वाहक आहे, हे मुलाकडच्यांनी आधीच सांगितलेलं. माधुरीचं निकालाचं कार्ड निघालं, तीही वाहक. ते कार्ड मी स्वतः तिच्या घरी नेऊन दिलं, वर अर्धा तास समजावलं. तिचे वडील शेवटी म्हणाले, "बरं झालं बापा, आधीच समजलं." लग्न मोडलं. निघताना त्यांनी मला वांगी दिली, आणि मी ती घेतली.

तीन महिन्यांनी माधुरी ऑफिसात आली. टेबलावर दोन कागद ठेवले.

"भाऊ, यातला एक खोटा हाय. कोणता, ते सांगा."

एक आमचं कार्ड, दुसरा कागद वर्ध्याच्या दवाखान्याचा. तिने तिथे पुन्हा रक्त दिलं होतं.

"वर्ध्याचाच खोटा असन," मी म्हणालो. खरंच म्हणालो हो.

"वर्ध्याले दोनदा तपासलं मी. दोन्ही टाइम काही नाई निघालं."

मी यादी उघडली. ०००७११ दोन ओळींत होता. एक सातव्या गावातला अकरावा, म्हणजे माधुरी. दुसरा एकाहत्तराव्या गावातला पहिला, ७१/१. रेघ काढली की दोघांचा नंबर एकच, मी तिला बोटाने दाखवलं. संगणकाला या दुसऱ्याचा निकाल आधी सापडला, वाहक, आणि तो त्याने दोघांनाही चिकटवला होता.

"मी सोता पुलगावले जाऊन सांगतो," मी म्हणालो.

"त्याचं लगन झालं मागच्या हप्त्यात."

ती रडली नाही. रडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं, इतका मी स्वार्थी.

"हा एकाहत्तरवाला कोण होय?" ती म्हणाली. "त्याले तरी सांगितलं काय? त्याचंबी कुठं जमत असन."

मी जुनं रजिस्टर काढलं. त्या गावात सुई टोचून घ्यायला कोणी पुढे येईना. लोकांची भीती जावी म्हणून आमच्यातल्याच एकाने पहिला हात पुढे केला होता. पानावर माझंच नाव होतं, माझ्याच अक्षरात. माझं कार्ड मी कधी काढलंच नव्हतं. मला काय होणार, असं वाटायचं.

"कोण हाय?"

"मी."

 माधुरीने दोन्ही कागद घडी करून पर्समध्ये ठेवले आणि निघून गेली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

घरी बायकोला सगळं सांगितलं.

"माझं रक्त कधी तपासलं?" तिने विचारलं.

"नाई तपासलं."

"अन् पोरीचं?"

मी पिशवीतून डबा काढून ओट्यावर ठेवला.

"अख्ख्या तालुक्याचं तपासून राह्यले, अन् घरचं नाई?"

दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन ऑफिसात आली. दोघींचं रक्त घेतलं. निकाल अजून यायचे आहेत. नोंद करायला म्हणून मी सवयीने रजिस्टर ओढलं, तर बायको नर्सबाईला म्हणाली, "ताई, आमचा नंबर तुमीच लिहा. ह्यायच्या हाती देऊ नका."