कवळीच्या मालाचा फासा

माझा मेहुणा कवळ्या बनवतो. तो डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि त्या मापावर दात बसवण्याचं काम हा करतो. दुसऱ्या मजल्यावर त्याची एक खोली आहे. खिडकीखाली लांब टेबल, गॅसची शेगडी, पॉलिशचं मशीन, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. तयार कवळ्या फळीवर ओळीने ठेवलेल्या असतात. माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, सगळ्यांची ताई, तिथे गेली की म्हणते, "या खोलीत हसणारं तेवढंच."

त्यावर तोही पूर्वी हसायचा. त्याची बायको वारल्यापासून हसत नाही. तसा रडतानाही आम्ही त्याला पाहिलेलं नाही. "कसा आहेस?" असं विचारलं तर तो जरा विचार करतो आणि म्हणतो, "आहे." वेळेवर कामाला येतो, वेळेवर घरी जातो, ताटात पडेल ते खातो. मीठ कमी आहे का असं ताईने विचारलं तर पुन्हा एक घास घेऊन बघतो.

त्याला एकच मुलगी. ती दूरच्या शहरात एका कचेरीत नकाशे काढते. आई गेल्यावर ती थोडे दिवस राहिली आणि परत गेली, आणि बापलेकीचं फोनवरचं बोलणं थांबलं. भांडण झालं नव्हतं. निदान आमच्या कानावर आलं नाही. मग काही महिन्यांनी तिने त्याला एका खेळाची लिंक पाठवली. सोबत एवढंच लिहिलं होतं : "बाबा, आम्हाला एक माणूस कमी पडतोय."

हा खेळ मला त्याने दोनदा समजावला तेव्हा कळला. साइटवर काही जण मिळून एक गोष्ट लिहितात. प्रत्येकाचं त्यात एक पात्र असतं. आपली पाळी आली की चार ओळी लिहायच्या आणि इतरांची वाट बघायची. कधी दिवस जातो, कधी आठवडा. धोक्याचं काही करायचं असलं, म्हणजे भिंत चढायची किंवा पहारेकऱ्याला गंडवायचं, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. खेळ चालवणारा एक औषध दुकानदार होता. एक शाळेतल्या बाई होत्या. आणि ही दोघं. मुलगी झाली होती कुलपं उघडणारी चोरटी. हा झाला नावाडी. पुराने बुडालेल्या कुठल्याशा राज्यात चौघं एकाच होडीतून चालली होती.

मला आधी हे पोरकट वाटलं. पण एक दिवस त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. चोरटीने लिहिलं होतं, "नावाडीकाका, तुम्ही भिजलात. माझं घोंगडं घ्या." मी वाचून मोबाइल परत दिला. तो म्हणाला, "असं लिहिते ती." आणि कामाला लागला. वर्षभरात मुलीकडून त्याला जे काही मिळालं ते हे. तिने खेळ सोडला असता तर त्याच्याजवळ काही उरलं नसतं.

फासा प्रत्येकाने आपल्या घरी टाकायचा आणि पडला तो आकडा लिहायचा, अशी त्यांची पद्धत होती. बघायला कोणी नसायचं. बाकीच्यांनी तो मानायचा, बस.

वीस बाजूंचा फासा याच्याकडे कुठला असणार? त्याने तो घरचाच केला, कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मालाच्या करतात त्याचा. मेणाचा नमुना कोरला, प्लास्टरमध्ये दाबला, मेण वितळवून काढलं, त्या पोकळीत माल भरला आणि साचा नेहमीसारखा गरम पाण्यात शिजवला. आकडे बारीक ड्रिलने कोरले, एकाशेजारी दोन, दोनाशेजारी तीन, असे ओळीने. मग आरशासारखं पॉलिश केलं. फार देखणा झाला होता. ताई म्हणाली, "हा तोंडात घातला तर चावेल."

त्या फाशाला मोठे आकडे पडायचे. नावाडी भोवऱ्यातून निघाला, मगरीच्या तावडीतून सुटला, आंधळ्या धुक्यात काठ शोधून आला. हा पडला ते लिहीत गेला. आपलं नशीब चांगलं आहे असंही त्याला वाटलं नाही. अलीकडे त्याला तसलं काही वाटतच नव्हतं.

मग शाळेतल्या बाईंनी गमतीत लिहिलं, "आमच्या वर्गात एवढे मार्क पडले असते तर मी पेपर पुन्हा तपासले असते." औषध दुकानदाराने हसरं तोंड टाकलं. त्याखाली मुलीने गोष्ट थांबवून लिहिलं : "बाबा, यापुढे साइटवरचा फासा टाका. सगळ्यांनीच टाकू या."

साइटवर एक बटण असतं. ते दाबलं की आकडा तुमच्या मजकुराखाली आपोआप उमटतो. तो पुसता येत नाही. मजकुरात नंतर हात घातलात तर बाजूला लाल खूण येते. म्हणजे विश्वासाचा प्रश्नच राहत नाही. त्याने त्यावर लिहिलं, "ठीक आहे."

मला हे त्याने दुपारी डबा खाताना सांगितलं, प्लास्टरचा भाव वाढला असं सांगावं त्या आवाजात.

"अरे पण तू खोटं लिहिलं नाहीस ना?" मी विचारलं.

"नाही, दाजी."

"मग तसं सांग तिला."

"सांगून काय होणार? आकडाही मी सांगितलेलाच होता."

ताईला हे कळलं तेव्हा ती तरातरा त्याच्या खोलीवर आली. "एवढ्याशा फाशापायी पोरगी बापाला चोर म्हणते? आण तो इकडे."

"चोर नाही म्हणाली ती."

"तू गप्प बैस. तुझी बाजू मी घ्यायची आणि तू तिची घ्यायची, असं चाललंय आयुष्यभर."

तिने मला खाली दुकानात मीठ आणायला पिटाळलं. अंडं शिळं की ताजं हे ती पाण्यात टाकून बघते, त्यातलंच काहीतरी तिच्या डोक्यात होतं. प्लास्टर कालवायच्या रबरी वाडग्यात तिने पाणी घेतलं आणि फासा तरंगावा म्हणून मीठ विरघळेनासं होईपर्यंत ढवळलं. फासा आत सोडला. तो जरा बुडाला, वर आला आणि हळूच वळला. वर अठरा होता. तिने बोटाने तो उलटा केला. पुन्हा वळला. पुन्हा अठरा. मी उलटा केला, तेव्हाही अठराच.

"बघ!" ताई म्हणाली. "फासाच लबाड निघाला. सुटलास तू!"

मलाही बरं वाटलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो वाडग्यात बघत होता.

"जाड आहे ना," तो म्हणाला. "कवळीची पट्टी पातळ असते. एवढा जाड गोळा सावकाश शिजवायला हवा होता. मी नेहमीच्या आचेवर शिजवला. आतला माल उकळला असणार." त्याने फासा पुसला, पकडीत धरला आणि बारीक करवतीने मधोमध कापला. एका बाजूला आत बुडबुडेच बुडबुडे होते, पावासारखे. तीच बाजू हलकी, म्हणून ती वर यायची, आणि आकडे ओळीने कोरल्यामुळे सगळे मोठे आकडे नेमके त्या बाजूला.

"याचा फोटो काढ," ताई म्हणाली, "आणि पाठव तिला."

"ताई, फासा मी केलाय."

"मग?"

"एका बाजूला हलका फासा. मोठे आकडे सगळे त्या बाजूला. आणि तो करणारा माणूस कोण, तर रोज हेच काम करणारा."

 मी खुर्ची ओढून बसलो. हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं. ज्याने तो सुटायचा त्यानेच तो अडकत होता. ठरवून लबाडी करायची असती तर याहून चांगला फासा त्याला करता आला नसता.

"नको पाठवूस मग," मी म्हणालो. "साइटचा फासा टाक. विसरून जाईल ती."

त्याने भरून ठेवलेला साचा उघडला, कवळी काढली, कडा घासल्या. आम्ही चहा घेतला. मग हात धुऊन त्याने दोन्ही तुकड्यांचा फोटो काढला आणि मुलीला एकटीला पाठवला. खाली लिहिलं : "फासा वाकडा होता. मीच केला होता. मला माहीत नव्हतं." मला वाचायला दिलं. आणखी काही लिही असं सुचवावं म्हणून मी बराच विचार केला, पण मला काही सुचलं नाही.

तिचं उत्तर यायला बरेच दिवस लागले. आलं तेव्हा तो ते घेऊन आमच्या घरी आला आणि ताईच्या हातात मोबाइल दिला. ताईने मोठ्याने वाचलं.

"बाबा, फाशात काहीतरी गडबड असेल असं मला वाटलंच होतं. तुम्ही खोटा आकडा लिहिणार नाही हे मला कळतं. पण आईच्या वेळी तुम्ही रोज फोनवर 'बरी आहे' म्हणत होतात. मी आले तेव्हा ती मला ओळखतही नव्हती. तेव्हापासून तुम्ही काही सांगितलंत की ते तपासून बघावंसं वाटतं. माझा इलाज नाही. फाशाचं तेवढं तपासता येतं, म्हणून साइटचा टाका म्हटलं."

ताईने मोबाइल मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "अरे, पण ते तिच्या आईनेच बजावलं होतं ना तुला? पोरीची नवी नोकरी आहे, घाबरवू नकोस म्हणून? माझ्यादेखत म्हणाली होती."

"हो."

"मग मी सांगते तिला. आत्ता लावते फोन."

"नको, ताई."

"का नको? खरं आहे ते!"

"ती म्हणाली असेल. फोनवर बोलत मी होतो." मग म्हणाला, "आता तिच्यावर काय ढकलायचं."

ताईने पदर डोळ्याला लावला. तो तिच्याकडे बघत होता. तिला काय होतंय हे त्याला दिसत होतं, पण ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं, असं मला वाटलं. माझं चुकतही असेल. दुसऱ्याच्या आतलं मला फारसं कळत नाही.

त्याची पाळी आली तेव्हा मी त्याच्याजवळ होतो. बांध फुटला होता आणि होडी पलीकडे न्यायची होती. त्याने चार ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं. तीन पडला. होडी उलटली, नावाडी पाण्यात गेला. त्या लोकांत अशी रीत आहे की गोष्टीच्या खाली 'खेळाबाहेर' असं लिहून स्वतःचं काही सांगायचं असेल ते सांगतात. कोणी प्रवासाला जाणार असतं, कोणाकडे पाहुणे असतात. याने ती ओळ कधी वापरली नव्हती. त्या दिवशी बराच वेळ बोट अधांतरी धरून त्याने लिहिलं :

"खेळाबाहेर : उजव्या हाताला मुंग्या येतात. काल एक कवळी हातातून पडून फुटली. डॉक्टरकडे गेलो नाही."

"हे तू आम्हाला पण बोलला नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही विचारलं नाहीत, दाजी."

आम्ही विचारलं होतं. तो 'आहे' म्हणाला होता. पण मी वाद घातला नाही.

चोरटीने दोर टाकून नावाड्याला ओढायचा प्रयत्न केला. तिलाही आकडा लहान पडला. त्याखाली होतं : "खेळाबाहेर : उद्याच जा. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो टाका."

"फोटो कशाला?" ताई उखडली. "बाप जाऊन आलो म्हणाला तर पुरे नाही का?"

"टाकतो की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, मानेचा एक्स-रे लिहून दिला आणि कामातून विश्रांती घ्यायला सांगितलं. बाहेर येऊन आम्ही जिन्याजवळच्या बाकावर बसलो. त्याने चिठ्ठी गुडघ्यावर पसरली. त्याचा हात स्थिर राहीना, म्हणून मोबाइल मी धरला.

"सगळं येतंय ना?" त्याने विचारलं. "तारीख? खालची सही?"

"येतंय."

"विश्रांतीचं लिहिलंय तेही येऊ द्या. ते मी घेणार नाहीये, पण येऊ द्या."

"मग तेही लिही, घेणार नाही म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मोबाइल घेतला आणि डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत, ते लिहिलं.