मुनीरभाई आणि प्रेसचा ठोका

गाणं ऐकताना मुनीरभाई स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाला थंडी वाजतेय. समोर संगणकाच्या पडद्यावर आमचं गाणं सरकत होतं, मागून माझे वादक सूचनांचा भडिमार करत होते, आणि हा दाढीवाला गृहस्थ हातांवर बसून, डोळे मिटून ऐकत होता. गाणं संपल्यावर म्हणाले, "पयले कान, मंग हात. हात मोकळे ठेवले का लगेच माऊसकडे धावतात."

पावणे गावातल्या कारखान्यांच्या गर्दीत त्यांच्या चुलतभावाचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गाळा होता. लोखंडी जिना चढून गेलं की माळ्यावर मुनीरभाईंचा स्टुडिओ. शेजारच्या गाळ्यात वॉशर कापणारी प्रेस. ती दिवसभर धप् धप् करायची, म्हणून आमचं मिक्सिंग चालायचं तिच्या जेवणाच्या सुट्टीत. प्रेस थांबली की मुनीरभाई लगबगीने खुर्ची ओढायचे, आणि कुणी डबा उघडायला घेतला तर त्याच्याकडे असं बघायचे की तो निमूटपणे झाकण लावायचा.

मी कोपरखैरण्याला राहायचो. तुर्भ्याच्या कारखान्यात कारकुनी आणि उरलेल्या वेळात कीबोर्ड, असं माझं चाललं होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणालो, "माझा कीबोर्ड जरा वाढवा ना." सगळेच म्हणतात तसं. ते म्हणाले, "वाढवायचं कशाला? तुझ्या वाटेत कोन उभा हाय ते बघू." मग त्यांनी बेंजोवर एक प्लगइन लावलं. प्लगइन म्हणजे आवाजातला खर्ज, मधला भाग, वरची धार कमीजास्त करणारा संगणकातला छोटा प्रोग्रॅम, हे ज्ञानही मला त्यांच्याकडूनच मिळालं. पडद्यावर एक आडवी रेघ आली. मधे एका जागी ती त्यांनी जराशी खाली वाकवली, आणि माझ्या कीबोर्डला हातही न लावता तो पुढे आला. बेंजोवाला तक्रार करायला विसरला, कारण त्यालाही बेंजो अधिक स्वच्छ ऐकू येत होता. "एका दारातून दोगं कशाला घुसता?" मुनीरभाई म्हणाले. बोलणं एवढंच. फार विचारलं तर चिडायचे.

आमची कॅसेट एप्रिलच्या भीमजयंतीसाठी होती आणि गाणारी माझी थोरली बहीण, सुमनताई. आमच्या विहारात ती लहानपणापासून गायची. आवाज भरदार, जमिनीवरून उठणारा. रेकॉर्डिंग झालं आणि महिन्याभरात तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, ताई वाचली, पण आवाज गेला. उरला तो फाटका, घोगरा. गाणं पुन्हा होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. संगणकात होता तेवढाच आता तिचा आवाज.

तोही धोक्यात आहे हे एका दुपारी कळलं. मुनीरभाईंचा हट्ट असा की गाणं ज्या स्पीकरवर वाजणार त्यावरच शेवटचं ऐकायचं. म्हणून जयंती मंडळाचे मोठे स्पीकरचे बॉक्स आम्ही माळ्यावर चढवले. शेवटच्या गाण्यात वाद्यं थांबतात आणि ताई एकटी एक लांब सूर धरते. तो सूर आला आणि त्याच्या खालून स्पष्ट ऐकू आलं, धप्... धप्. शेजारच्या प्रेसकडे पाहिलं, तर ती बंद! रेकॉर्डिंग आम्ही सुट्टीच्या वारी केलं होतं, पण त्या दिवशी तातडीच्या ऑर्डरसाठी प्रेस मधेच चालू झाली होती आणि गाण्याच्या नादात ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बाकी गाण्यात तो ठोका ढोलकीत बेमालूम लपला होता, आणि या सुराखालचा एवढा खर्ज छोट्या स्पीकरवर उमटतच नव्हता.

मुनीरभाईंचा चेहरा उतरला. "चूक माझी हाय," ते ताबडतोब म्हणाले. "काढायची पन मीच."

नुसता खर्ज कापला तर धप् जायचं, पण छपराच्या पत्र्याचा घुमारा मागे राहायचा, आणि तो ताईच्या आवाजाच्या भरदारपणातच मिसळलेला. तो कापला की ताई टेलिफोनवर गातेय असं वाटायचं. मग त्यांनी किचकट वाट धरली. जिथे ठोका पडतो तेवढाच तुकडा निवडायचा, त्याच्यापुरती रेघ वाकवायची आणि ते जुन्यावरच लिहून टाकायचं. एकदा लिहिलं की मूळ गेलं. हार्ड डिस्क भरलेली, आणि दुसऱ्यांची गाणी पुसून जागा करायला ते तयार नव्हते. "कॅसेटवर तरी उतरवून ठेवू," मी म्हणालो. "ती काय कॉपी हाय?" म्हणून माझ्यावरच डाफरले. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगतो.

शेवटी राहिला तो लांब सूर. त्या दिवशी त्यांनी ताईला बोलावून घेतलं. ऑपरेशननंतर तिने स्वतःचं एकही गाणं ऐकलं नव्हतं. पदर गळ्याशी धरून ती जिना चढली, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली.

"ताई, तुमी हो म्हना, मंग करतो."

तिने मान हलवली. मुनीरभाईंनी बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि थांबली. माऊस हलेना. संगणक गोठला होता.

"हात नको लावू," ते मला म्हणाले, मी जागचा हललो नव्हतो तरी. आम्ही तिघं त्या पट्टीकडे बघत राहिलो. शेजारी सुट्टी संपली, प्रेस सुरू झाली, जमीन हादरू लागली. मुनीरभाईंचे ओठ हलत होते. वीज गेली तर, फाईल अर्धीच राहिली तर, असले विचार माझ्या डोक्यात थैमान घालत होते. अखेर त्यांनीच संगणक बंद करून पुन्हा चालू केला. तो चालू होईपर्यंत ताईने डोळे उघडले नाहीत.

त्यांनी खिडकीतून खाली ओरडून प्रेस थांबवायला लावली. फाईल उघडली. गाणं आलं, वाद्यं थांबली. क्षणभर काहीच नाही. आणि मग बॉक्समधून दणदणीत आवाज आला, धप्.

त्या ठोक्यामागोमाग ताईचा सूर आला. अखंड, जसाच्या तसा; म्हणजे मूळ फाईलला धक्का लागलाच नव्हता. ज्या ठोक्याच्या मागे मुनीरभाई इतके दिवस हात धुऊन लागले होते, तो ऐकून ते लहान मुलासारखे रडले. "हाय... हाय सगला!" म्हणत राहिले. मीही रडलो. ताई मात्र उठली, पडद्यापाशी गेली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बस झालं, मुनीरभाई. राहू दे तो."

कॅसेट ठोक्यासकट निघाली. जयंतीला ती गल्लोगल्ली वाजली, पण ताई आनंदाने मिरवली नाही. कुणी अनोळखी माणसाने 'गाणारी तूच का?' असं विचारलं की सांगायची, "आमच्या नात्यातली एक बाई होती गाणारी." हो म्हटलं की लोक गायला सांगणार, आणि ते तिला सोसणार नव्हतं. आम्ही घरच्यांनीही तिला कधी अडवलं नाही.

पुढे मुनीरभाई वारल्याचं कळलं तेव्हा ताई आणि मी मोरा गावी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, भाभींनी, ताईला कधी पाहिलं नव्हतं. बायकांमध्ये ती मागे बसली होती. भाभींनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि विचारलं, "ते रातदिस जिचा गाना आयकत बसायचे, ती तूच काय गो?"

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मी मान खाली घातली. ताई काय सांगणार हे मला पाठ होतं.

"हो," ती त्या फाटक्या आवाजात म्हणाली. "मीच ती."