भलतं तेल

सिंदी रेल्वे गावातल्या त्या म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सचं जुनं तेल त्यानं बोटांत चोळलं, हुंगलं. मग कपाळावरचा चष्मा खाली ओढून मी आणलेल्या महागड्या तेलाचा डबा वाचला.

"हे तुमच्या गाडीचं नाई, भाऊ."

"चालेल हो, टाका. मला घाई आहे."

"एकदा मी असंच टाकलं होतं," तो हळूच म्हणाला. "हिंगणीच्या जंगलात गाडी बंद पडली. आत बाळंतपणाले चाललेली बाई होती."

"मग?"

"मायलेकरं वाचले. पन ते बाई मले काईच बोलली नाई. तेच अजून टोचते."

त्यानं वर्ध्याहून योग्य तेल मागवलं. ते येईपर्यंत मी त्याच्याशेजारी बाकावर बसून राहिलो.