दोन रानांमधला बांध

जवळ सरक गं जरा. दर खेपेला चहा निवायच्या आत उठतेस, हे काही बरं न्हाई. आमच्या गिरणीवाल्याचं ऐकून मग जा.

भुवयांवर पीठ, कानात कापूस, त्यामुळं बोलणं कायम मोठ्यानं. दळता दळता पेपर वाचतो. पोळ्याच्या सुमारास म्हणाला, "मावशी, एका देशानं अणुबॉम्ब केला की शेजाऱ्याची झोप उडती. मग त्योबी करायला लागतो."

मी म्हटलं, "मग सगळ्यांनीच का न्हाई केला?"

त्यानं गिरणी बंद केली. "ते मलाबी कळंना," म्हणाला.

पुढं पंधरा दिवसांत गिरणीवाल्याच्या रानाला लागून असलेल्या शेतकऱ्यानं रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत लाइटीचा करंट सोडला. तिकडून हटलेली डुकरं गिरणीवाल्याच्या मक्यात शिरली. यानंही तार आणली, खुंट्या रोवल्या. पण दोघांच्या मधल्या बांधावरून बाया खुरपायला जातात. दोन्हीकडं करंट असल्यावर त्यांनी पाय कुठं ठेवायचा? सांजंला यानं आपल्या सगळ्या खुंट्या उपटल्या.

शेजारी हसला, "भ्यालास व्हय रे?"

"लय भ्यालो," हा म्हणाला.

अर्धा मका गेला. शेजाऱ्याची तार अजून तशीच हाय. बाया आता बांध सोडून याच्या पिकातून जातात, अन् हा त्यांना काही म्हणत न्हाई. पुढल्या साली त्याचा धीर टिकंल का, मला सांगता येत न्हाई.

उरलेला मका उभा हाय तोवर पुन्हा ये. त्याच्याच रानातून नेते तुला.