मुळशीच्या मठात ताईशी नऊ टोपल्यांचा सामना

ताईने फोनवर एका दमात अट सांगितली. "तू जिंकलीस तर मी बॅग भरून घरी येते, कायमची. मी जिंकले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि येताना माझा चष्मा दुरुस्तीला टाकलाय, तो घेऊन ये." माझी ताई ही अशी आहे. उरलेलं आयुष्य आणि चष्म्याची दांडी तिच्यासाठी एकाच तोलाची.

ताई चौसष्ट वर्षांची. शाळेत पीटी शिकवायची, त्यामुळे जगाकडे ती अजूनही शिट्टी तोंडात धरल्यासारखी बघते. भाऊजी गेल्यावर ती माझ्या कोथरूडच्या फ्लॅटवर राहायला आली. मीही बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, एकटी. सहा वर्षं आम्ही मजेत भांडत काढली. मग दोन वर्षांपूर्वी ती मुळशीच्या एका मठात आठ दिवसांच्या शिबिराला गेली आणि तिकडचीच झाली. मला वाटलं, ध्यानाची गोडी लागली असेल. छे! मठात राहून गेलेला कॅनडाचा एक साधक खेळायच्या चकत्यांची पिशवी मागे ठेवून गेला होता आणि मठामागचा अख्खा डोंगरउतार रिकामा होता. ताईने पिरंगुटच्या एका वेल्डिंगवाल्याच्या मागे लागून नऊ लोखंडी टोपल्या करून घेतल्या आणि तिथे डिस्क गोल्फचं मैदान उभं केलं.

खेळ सांगायला सोपा आहे. खांबावर टोपली, तिच्यावर लोंबत्या साखळ्या. लांबून चकती फेकायची, ती पडेल तिथून पुढची फेक. साखळ्यांना लागून टोपलीत पडली की पुढच्या टोपलीकडे चालायला लागायचं. नऊ टोपल्या मिळून ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. ताईला आव्हान द्यायच्या आधी मी गुपचूप दोन महिने सोसायटीच्या गच्चीवर सराव केला. दोन चकत्या शेजारच्या बंगल्यात गेल्या आणि वॉचमन मला ओळख दाखवेनासा झाला, पण हात बसला.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला निघाले. तुम्हीही लवकरच निघा, कारण आठनंतर भूगावला गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात गाडीत बसल्या बसल्या ध्यान होऊन जातं, मठापर्यंत जायची गरज उरत नाही. पौडला गाडी थांबवून गरम वडापाव आणि चहा घेतला, चाळीस रुपयांत पोट भरलं. पौडनंतर रस्ता बरा आहे, शेवटचे दोन किलोमीटर मात्र कच्चे. छोटी गाडी खालून घासते, हळू चालवा. स्वतःची गाडी नसेल तर पौडपर्यंत बस आणि पुढे रिक्षा ठरवावी लागते. मठात खेळायला पैसे पडत नाहीत. चकत्या तिथेच मिळतात, देणगीपेटीत मनाला येईल ते टाकायचं.

ताई फाटकात उभी होती. टोपी, कॅनव्हासचे बूट, हातात वही. मिठी मारायच्या आधी तिने माझ्याकडून चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला आणि माझ्या चपलांकडे बघितलं. "ह्या घालून डोंगर चढणार? नंदे, अठ्ठावन्न वर्षांची झालीस गं." मग आतून स्वतःचे जुने बूट आणून दिले आणि खाली वाकून नाड्याही तिनेच बांधल्या. प्रतिस्पर्ध्याने आपल्या नाड्या बांधाव्यात हे मला जरा अपमानाचं वाटलं, पण पाय सुखावले.

पहिल्या तीन टोपल्या चढावर आहेत. तिथे दम लागतो आणि चकती वाऱ्याने परत आपल्याकडेच येते. तिसरीला माझी फेक थेट शेजारच्या भातखाचरात गेली. कापणी झालेली होती, नुसती धसकटं उरलेली. बांधावर यमुनाबाई गवत कापत होत्या. ते शेत त्यांचं.

"कुणाची ताटली आलीया वो हितं?"

"माझी," मी म्हटलं.

"मंग या की खाली. खाचार काय खात न्हाई तुमाला." मी उतरले तशी त्यांनी मला निरखून बघितलं. "बाईंची धाकली भन व्हय? त्यांना न्यायला आलाय म्हनं?"

बातमी माझ्याआधी पोचली होती. मी नुसती मान हलवली.

"मंग आमचं गुडघं कोन बघनार? रोज सांजच्याला धा-बारा जनींची कवायत घेत्यात. वरडत्यात लई, पन बऱ्या हायेत." एवढं बोलून त्यांनी चकती पदराला पुसून माझ्या हातात दिली आणि पुन्हा गवताला लागल्या. मी खाचरातून पुढची फेक केली. ती फारच वाईट गेली.

पाचवी टोपली ध्यानमंदिराच्या मागच्या झाडीत आहे. तिथे संपूर्ण मौन. जो बोलेल त्याच्या नावावर एक फेक वाढते. हिंजवडीहून आलेले दोन तरुण आमच्या पुढे खेळत होते. त्यातला एक कुजबुजला, "ब्रो, इथे सगळं म्यूटवर आहे का?" ताईने लांबूनच एक बोट वर केलं आणि वहीत त्याचाही हिशेब टिपला. तो आमच्या सामन्यात नव्हताच, पण सवय. पुढच्याच मिनिटाला मला दगडाची ठेच लागली आणि मी "आई गं!" म्हणाले. पुन्हा एक बोट. सख्खी बहीण म्हणून सूट नाही.

सहाव्या टोपलीअखेर ताई तीन फेकींनी पुढे होती. सातवीला तिची चकती कारवीच्या दाट झुडपात शिरली आणि बाहेर काढता काढता तिच्या फेकी वाढत गेल्या. आठवीनंतर बरोबरी. आता गंमत संपली होती. माझ्या डोक्यात फ्लॅटवरची तिची बंद खोली होती. रोज संध्याकाळी मी तिथला दिवा लावते, कुणी विचारलं तर डासांसाठी म्हणून सांगते.

नववी टोपली खरी प्रेक्षणीय. आपण वर माथ्यावर, खाली धरणाचं निळं पाणी, आणि त्या दोघांच्या मध्ये उतारावर टोपली. फोटो इथेच काढा. ताईची तिसरी फेक टोपलीत गेली. माझी पहिली चकती जांभळाच्या खोडावर आपटली, कडेवर उभी राहिली आणि घरंगळत घरंगळत टोपलीपासून दहा पावलांवर जाऊन आडवी झाली. दुसरी मी डोळे मिटून फेकली. साखळ्या खणाणल्या.

मी नाचले. हो, अठ्ठावन्नाव्या वर्षी, दुसऱ्याच्या बुटांत, मठाच्या आवारात. ताईला कशातच कुणी हरवलं नव्हतं, आमच्या वडिलांनीसुद्धा नाही. ती मुद्दाम हरली का, असं ज्यांना वाटतंय त्यांनी तिला खेळताना बघितलेलं नाही. ती पाच वर्षांच्या पोरालाही कॅरममध्ये जिंकू द्यायची नाही.

तिने वहीत आकडा लिहिला, खाली सही केली आणि म्हणाली, "जेवून घे. मी बॅग भरते."

मठात जेवण साधं आणि फार चांगलं असतं. इंद्रायणीचा भात, पिठलं, नाचणीची भाकरी. मी दोनदा भात घेतला. ताईची बॅग वीस मिनिटांत भरली. उरलेला वेळ ती यमुनाबाईंना साखळ्यांना तेल कधी घालायचं ते समजावत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कायमच्या व्हय?" ताई म्हणाली, "शब्द दिलाय." गाडीत मीच बोलत होते.

पुढचे आठ दिवस ताई माझ्या घरी होती आणि तिने मला कसलाही त्रास दिला नाही. तोच त्रास होता. सकाळी उठून पांघरुणाची घडी. जेवल्यावर स्वतःचं ताट घासून पालथं. टीव्हीवर मी लावीन ते बघणं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "नंदा, फ्रिज उघडू का गं?" सहा वर्षं ज्या बाईने माझा फ्रिज माझ्याच नावाने बोंबलत आवरला, ती विचारत होती. आणि रोज रात्री माझी आमटी वाटीभर पिऊन म्हणायची, "छान झालीय." हे वाक्य तिने मला जन्मात कधी म्हटलं नव्हतं. मला भीतीच वाटली.

नवव्या दिवशी सकाळी मी तिची बॅग उचलून गाडीत ठेवली.

"कुठे?" तिने विचारलं.

"मठात. सोडते तुला."

"मी शब्द दिलाय, नंदा."

"मी जिंकलेय ना? मग मला हवं ते मी करीन. बस."

पौड आलं तशी ताई सरसावून बसली. मग खिडकीची काच खाली करून म्हणाली, "नंदे, आमटीत मीठ कमी होतं. आठही दिवस." मला इतकं हसू आलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही. ताईने पाठीवर जोरात थाप मारली, पीटीच्या बाईंची असते तशी.

परत एकटी आले. घर रिकामं आहे, खोटं कशाला सांगू? तिची खोली आता कपडे वाळत घालायला वापरते आणि तरी संध्याकाळी दिवा लावतेच. मला ताई हवी होती. जिंकून घरी आणली होती ती पाहुणी होती, फार गुणी आणि परकी. त्या संध्याकाळी आमटी केली, चाखली आणि फोन लावला.

"ताई, मीठ खरंच कमी आहे गं."

"मग घाल की! ते सांगायला फोन करतेस? इथे बारा बायका एका पायावर उभ्या आहेत माझ्या," ती ओरडली आणि फोन ठेवून दिला.